किताब राजाचे, गरज सत्तेची

ब्रिटनचे ड्यूक, अर्ल, बॅरन म्हणजे शतकानुशतके जपलेली रक्ताची थोरवी, हा समज जगभर पक्का आहे. इतिहास पाहिला तर यातला एकेक किताब राजसत्तेच्या त्या त्या वेळच्या गरजेतून निघालेला दिसतो. अर्ल हा मुळात हुद्दा. नॉर्मन विजयापूर्वी तो राजाच्या वतीने मोठा मुलूख सांभाळी. बॅरन राजाकडून थेट जमीन घेई आणि बदल्यात लढाईला माणसे देई, म्हणजे जवळपास आपला सरंजामदारच. इंग्लंडमध्ये 1337पर्यंत ड्यूक नव्हताच. तिसऱ्या एडवर्डने थोरल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केले. मार्क्विस 1385 साली आला, व्हायकाउंट 1440 साली. पुढे जबाबदारी सुटली, मान उरला, आणि नुसता मान विकताही येतो. पहिल्या जेम्सने 1611 साली बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब काढून त्याची किंमत 1,095 पौंड ठरवली. साम्राज्यातही हेच साधन कामी आले. लासवारीला शिंद्यांची फौज मोडणारा जनरल लेक 1804 साली ‘दिल्ली आणि लासवारी’च्या नावाने बॅरन झाला, तर मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय 1857 साली बॅरोनेट.

यावर कोणी नॉर्फोकच्या हॉवर्ड घराण्याकडे बोट दाखवील. त्यांची ड्यूकपदवी 1483ची आहे. पण ती 1485 साली बॉसवर्थच्या लढाईतल्या पराभवानंतर गेली, स्कॉटांना हरवल्यावर 1514 साली परत मिळाली, पुन्हा जाऊन 1660 साली कायमची आली. रक्त तेच होते, मर्जी बदलत होती. शिवाय ब्रिटिश कायदा रक्ताला फारसे मोजतही नाही. उमराव एकटा किताबधारक. त्याची मुले कायद्याने सामान्य प्रजा. ड्यूकचे धाकटे चिरंजीव रँडॉल्फ चर्चिल ‘लॉर्ड’ म्हणवत, ते केवळ रिवाजाने, म्हणूनच ते कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात निवडून येऊ शकले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1958च्या कायद्याने तहहयात उमराव आले, 1999 साली 92 जण वगळता वारसदारांची लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहातली जागा गेली, मग आता किताब कर्तृत्वालाच मिळतो ना? काही अंशी खरे. शास्त्रज्ञ, डॉक्टर, कामगार नेते त्या सभागृहात आले, आणि त्यांच्या चिकित्सेने अनेक विधेयके सुधारली. पण बहुतेक नेमणुकांची शिफारस पंतप्रधानच करतो आणि संख्येला कायद्याची मर्यादा नाही. राजाची मर्जी पंतप्रधानाच्या हाती आली, एवढाच फरक. किताब खुशाल राहोत. त्यांच्यासोबत कायदे करण्याचा हक्क मिळणे लोकशाहीत समर्थनीय नाही.