बिडाचा नाजूक मंडप

जुन्या इंग्रजी बागेच्या चित्रात पुष्कळदा एक छोटासा मंडप दिसतो. अष्टकोनी जोते, आठ सडपातळ खांब, खांबांच्या डोक्याशी वेलबुट्टीची जाळी, वर घुमटासारखे छप्पर आणि त्यावर कळस. उन्हाळ्यात सावलीला बसण्याची ही जागा, म्हणून तिचे नाव ‘समर हाउस’. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) अशा मंडपांची तेथे मोठी हौस होती. ही सारी नक्षी निव्वळ शोभेची, असे तुम्हांला वाटेल. पण तिच्यामागे पदार्थविज्ञान दडलेले आहे.

यांतील अनेक मंडप बिडाचे असत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लाकडी नमुन्याचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्या साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. दगडावर वेल कोरायची तर दर वेळी तेवढेच कष्ट. पण येथे नमुना एकदा कोरला की त्यावरून शेकडो वेली ओतता येतात. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीने तर अशा मालाचे सचित्र सूचिपत्रच छापले होते. त्यातून खांब, जाळ्या, कळस निवडायचे आणि जागेवर आणून बोल्टांनी जोडायचे! मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडाही १८६० च्या दशकात असाच सुट्या भागांनी इंग्लंडहून आला होता.

मात्र बिडात एक उणीव आहे. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो व त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. बीड ताणले की हे पापुद्रे भेगांसारखे वागतात. दाबले तर विशेष बिघडत नाही. म्हणून बीड जेवढा ताण सोसते त्याच्या तीन-चार पट दाब सोसते. तुळई वाकली की तिची खालची कड ताणली जाते. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या पुलाची बिडाची तुळई आगगाडी जात असताना मोडली आणि पाच माणसे दगावली. मंडपाच्या उभ्या खांबावर मात्र मुख्यतः दाबच येतो. तेथे बीड शोभते आणि टिकतेही.

आता रचना पाहा. खांब पुष्कळदा पोकळ असतो. तेवढ्याच वजनाच्या भरीव खांबापेक्षा पोकळ खांब जाड होतो, धातू मध्यापासून दूर जातो व खांब सहज वाकत नाही. शिवाय छपरावरचे पावसाचे पाणी त्यातूनच खाली नेता येते.

खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यातला वेलबुट्टीचा ब्रॅकेट म्हणजे वेषांतर केलेला त्रिकोण! वाऱ्याने मंडप तिरपा होऊ पाहतो, तेव्हा हाच त्याला रोखतो.

अष्टकोनच का? १६ मीटर परिमितीच्या चौरसाचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर भरते. तेवढ्याच परिमितीच्या सम अष्टकोनाचे सुमारे १९.३ चौरस मीटर. शिवाय कळसाकडून उतरणारे आठ वासे खांबांना बाहेर रेटतात. तो रेटा छपराच्या बुडाशी असलेले कडे आवळून धरते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळते तसे. या कड्यात ताण येतो, म्हणून तेथे चिवट घडीव लोखंड अधिक योग्य.

दोन प्रयोग करून पाहा. खडू उभा धरून वरून दाबा. तो सहज मोडणार नाही. तोच आडवा धरून वाकवा. लगेच दोन तुकडे! मग पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट करा. ती डुगडुगेल. एका कोपऱ्यात तिरपी पट्टी बसवली की ती ताठ होईल. यापुढे कोठे नक्षीदार ब्रॅकेट दिसला, तर त्यातला त्रिकोण अवश्य शोधा.