पाणी मोरीतून वर का येते?

लोणावळ्याचा पाऊस आपल्याला नवा नाही. आषाढ लागला की डोंगर ढगांत बुडतात, इंद्रायणी गढूळ होते, खाचरांत लावणी सुरू होते. पाऊस लांबला तर आपल्यालाच घोर लागतो. पण तोच पाऊस घरात शिरला तर?

आमच्या ओळखीचे एक कुटुंब मावळातल्या खेड्यातून कामासाठी शहरात गेले. जुन्या वस्तीत खोली मिळाली. खोली रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. भाडे कमी, म्हणून घेतली. एका रात्री पावसाने झोडपून काढले. घरधन्याने दाराला फळी लावली, फटींत गोणपाट कोंबले. दारातून थेंब आला नाही. तेवढ्यात आतून बाईची हाक आली, "अहो, दार राहू द्या! पाणी मोरीतून वर येतंय!" पाणी काळे होते, घाण वास येत होता. पहाटेपर्यंत धान्य भिजले, अंथरुणे भिजली, मुलांची दप्तरे तरंगू लागली.

आता हे पाणी वर चढले कसे? पाणी तर खाली वाहते.

गवंडी भिंतीची पातळी कशी बघतो ते आठवा. पारदर्शक नळीत पाणी भरतो. एक टोक या भिंतीला, दुसरे त्या भिंतीला. दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहते. एक टोक खाली धरले तर तिथून पाणी सांडते. घराची मोरी आणि रस्त्याखालचे गटार अशाच एका नळीने जोडलेले असतात. गटार रिकामे असले तर मोरीचे पाणी तिकडे जाते. गटार तुडुंब भरले आणि त्यातले पाणी तुमच्या मोरीपेक्षा उंच झाले, की ते तुमच्याकडे येते. मोरीचे भोक हे दोन्ही बाजूंनी उघडे दार आहे. म्हणून तळघराला आणि खोलगट खोलीला धोका सर्वांत आधी.

मग गटार भरते का? पहिले कारण पाण्याचे माप. एक गुंठा जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे एक मोठा टँकर. जुलै २०२४ मध्ये लोणावळ्यात एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. म्हणजे गुंठ्याला तीन टँकर! खाचर असते तर बांधाने पाणी धरले असते, थोडे जमिनीने प्यायले असते. त्याच गुंठ्यावर स्लॅब आणि फरशी आली, की सगळे पाणी तडक गटाराकडे पळते. त्याच पावसात मळवलीला बंगल्यांत पाणी शिरले. सुट्टीला आलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले.

दुसरे कारण गटाराचे वय. मुंबईची कित्येक पावसाळी गटारे शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत. तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून ती बांधली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वर भरती होती. गटाराचे तोंडच पाण्याखाली गेले. आपल्याकडे समुद्र नाही, पण नदी आहे. ओढा फुगला की खाचरातले पाणी उतरत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! इंद्रायणी फुगली की तिला मिळणारे नाले आणि गटारे तशीच तुंबतात.

तिसरे कारण आपल्याच हातचे. प्लॅस्टिकच्या पिशव्या गटारात जातात. काही जण तर छपराच्या पन्हाळीचे पाणी संडासाच्या नळीत सोडतात. ती नळी घरच्या सांडपाण्यापुरती असते. पाऊस तिच्यात मावत नाही. मग घाण शेजाऱ्याच्या मोरीतून वर येते. पन्हाळ अंगणातल्या चरात सोडावी.

यावर एक उपाय आहे. विहिरीवरच्या पंपाला खाली फुटव्हॉल्व असतो. पुष्कळ जण त्याला फुटबॉलच म्हणतात. तो पाणी एकाच बाजूला जाऊ देतो. तशीच झडप घराच्या सांडपाण्याच्या नळीला बसवता येते. नळकाम करणाऱ्याला विचारा. दर पावसाळ्याआधी ती साफ करावी, नाहीतर कचरा अडकून ती उघडीच राहते. आणि झडप मिटली की घरातले पाणीही बाहेर जात नाही. तेवढा वेळ धुणे-भांडी बंद. झडप नसेल तर मोरीच्या भोकावर आणि संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवावी. पाणी पुरते थांबत नाही, पण सामान उचलायला वेळ मिळतो.

सामानापेक्षा जीव मोठा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजेंद्रनगरला एका इमारतीच्या तळघरात पाणी घुसले. तिथे अभ्यास करणारी ३ तरुण मुले बुडून मेली. तळघरात पाणी येऊ लागले, की गाडी काढायलासुद्धा खाली जाऊ नका. विजेचे मुख्य बटण कोरड्या जागी उभे राहून बंद करता आले तरच करा. पाण्यात उभे राहून नाही. आणि पाणी उतरावे म्हणून रस्त्यावरचे गटाराचे झाकण उघडू नका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अशाच उघड्या भोकात पडून एक नावाजलेले डॉक्टर गेले. साचलेल्या पाण्यात ते भोक त्यांना दिसले नाही.

पाणी ओसरल्यावर फरशी आणि भिंती ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवाव्यात. पिण्याचे पाणी उकळावे. भिजलेले धान्य वाळवून खाऊ नये. जिवावर येते खरे, पण टाकूनच द्यावे. त्या पाण्यात उंदराची मूत असते. पायाला जखम असेल तर तिच्यातून लेप्टोचा ताप शिरतो. पुढच्या महिनाभरात ताप आला, अंग मोडून आले, तर दवाखान्यात जा आणि "आम्ही गटाराच्या पाण्यातून चाललो होतो," हे डॉक्टरांना आधी सांगा.

ते कुटुंब आता वरच्या मजल्यावर राहते. भाडे थोडे जास्त आहे. खालच्या खोलीत नवे भाडेकरू आले, तेव्हा बाईने जाऊन त्यांना पहिल्यांदा मोरी दाखवली.