मनाचा डॉक्टर आणि विम्याचा कागद

पोराला ताप आला तर कुठे जायचे, हे आमच्या वसईत शेंबड्या मुलालाही ठाऊक असते. पारनाक्यापासून विरार स्टेशनापर्यंत डॉक्टरांच्या पाट्या मोजू लागलात तर हातापायांची बोटे पुरायची नाहीत. पण माणसाचे मनच आजारी पडले तर? घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि कोणीतरी हळूच म्हणते, "हवापालट करून आणा."

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हेच झाले. वीस वर्षे विरार लोकलला लोंबकळून त्याने नोकरी केली. ती गेली आणि हा गडी खिडकीशी बसला तो बसलाच. एके दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "दादा, हे रात्र रात्र जागे असतात. काल म्हणाले, मी नसलो तरी विम्याचे पैसे मिळतील तुम्हाला."

मी हातातला कप तसाच खाली ठेवला आणि 14416 हा नंबर फिरवला. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतूनही. त्याला एकटे सोडू नका, असे पलीकडून सांगितले. ती रात्र आम्ही पाळीपाळीने जागलो.

मग शोध सुरू झाला. वाचक हो, इथे एक फरक ध्यानात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकी शिकलेला डॉक्टर. औषधे तो देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, बोलण्यातून उपचार करतो; त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि ती कोणालाही तपासता येते. पाटीवर नुसतेच 'समुपदेशक' असेल तर शिक्षण विचारावे. लाजायचे काय त्यात? मुलीच्या स्थळाची आपण याहून अधिक चौकशी करतो!

औषधांसाठी वसईतच डॉक्टर मिळाले. बोलण्याच्या उपचारासाठी मी ठाण्याचे नाव काढले मात्र, भाऊ उसळलाच. "मला ठाण्याला धाडता?" तिथे 1901 सालापासून मनोरुग्णालय आहे, आणि 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही संस्था काढली आणि तिथे चांगली चालतीबोलती माणसे आपले मन मोकळे करायला जातात, हे त्याच्या गळी उतरवायला घोडबंदरच्या रस्त्याएवढाच वेळ लागला.

राहिला विमा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 रोजी अमलात आला. त्याचे एकविसावे कलम सांगते की, शरीराच्या आजाराला ज्या पायावर विमा, त्याच पायावर मनाच्या आजारालाही. विमा नियामकाने तर 31 ऑक्टोबर 2022 ही मुदतच कंपन्यांना घालून दिली. हे सारे मी एजंटाला ऐकवले. तो हसला. "काका, पॉलिसीत मन बसतं. पण खाटेवर आडवं झालं तर!"

मेख इथेच आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात, तोही साधारण चोवीस तास राहिल्यावर. आठवड्याला तासभर खुर्चीत बसून बोलण्याची फी ओपीडीत मोडते आणि ती सोय सहसा वेगळी घ्यावी लागते. म्हणजे माणूस कोसळू नये म्हणून केलेला खर्च आपला, कोसळल्यानंतरचा कंपनीचा! कायदा यात मोडत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांचीही हीच तऱ्हा आहे.

तेव्हा कंपनीला लेखी विचारा. ओपीडी आहे का? मानसशास्त्रज्ञाची फी धरता, की फक्त डॉक्टरची? वर्षाला किती? आधीपासूनच्या आजाराला थांबायचे किती? (ही मुदत 3 वर्षांहून अधिक ठेवता येत नाही.) फॉर्ममध्ये आजार लपवू नका, पुढे दावा नाकारायला तेच निमित्त होते. दावा नाकारलाच तर आधी कंपनीकडे तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही.

भावाची फी सध्या आम्ही दोन्ही घरे मिळून भरतो. ओपीडीची सोय घेतली तर हप्ता किती वाढेल, याचा हिशेब एजंट अजून आणतोच आहे. भाऊ मात्र गेल्या आठवड्यापासून पापडीच्या बाजारातून भाजी आणू लागला. घासाघीस अजिबात करीत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे.