वाकायचं कुणी?

संपादकांनी सांगितलेलं काम साधं होतं. नवी मुंबईत डेटा सेंटर भराभर उभी राहताहेत, आत काय चालतं ते बघून दिवाळी अंकासाठी लिही. ठाणे-बेलापूर रस्त्याने महाप्याला निघाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सर्व्हरच्या रांगा होत्या, लुकलुकणारे निळे दिवे होते. ते सगळं अर्ध्या तासात बघून झालं. उरलेला वेळ, आणि नंतरची आणखी एक अख्खी रात्रपाळी, मी तळमजल्यावर काढली. तिथे बॅटऱ्यांच्या खोलीशेजारी माणसापेक्षा उंच अशी राखाडी कपाटं ओळीने उभी होती आणि त्यांच्याकडे बघणारा एक तरुण इंजिनिअर होता.

तो मूळचा जुन्नर तालुक्यातला, नारायणगावजवळच्या एका वाडीचा. वय चौतीस-पस्तीस. नाव छापू नका म्हणाला, कंपनीचंही नको. पहिल्या दिवशी दिवसभर मला ‘मॅडम’ म्हणत होता. माझं आजोळ ओतूरला आहे हे कळल्यावर ‘ताई’ म्हणायला लागला.

ती कपाटं म्हणजे यूपीएस. घरातल्या संगणकाखाली ठेवतो त्याचाच थोरला भाऊ. मोठ्या डेटा सेंटरला वीज मिळते ती थेट उच्चदाबाच्या वाहिनीवरून, कित्येकदा 220 किलोव्होल्टच्या. ती स्वतःच्या उपकेंद्रात उतरवतात आणि या कपाटांत आणतात. इथे बाहेरून आलेल्या एसी विजेची डीसी होते, बॅटऱ्यांना स्पर्श करून पुढे जाते आणि पुन्हा एसी होऊन सर्व्हरकडे निघते. बाहेर काहीही होवो, सर्व्हरला मिळणारी वीज गुळगुळीत असते. बाहेरची वीज गेलीच तर बॅटऱ्या पाच-दहा मिनिटं भार ओढतात. त्याआधीच, दहा-पंधरा सेकंदांत, मागच्या अंगणातले डिझेल जनरेटर धडधडायला लागलेले असतात.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा सगळा पट्टा अंधारला, त्या दिवशी तो ड्युटीवर होता. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे पट्ट्यातल्या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांपासून सुरू झालेली ती पडझड होती. अशा वेळी मुंबई राज्याच्या जाळ्यापासून सुटी होऊन आपल्यापुरती तगून राहते, ही इतक्या वर्षांची व्यवस्थाही त्या दिवशी उभी राहिली नाही. ‘आमच्या इथे एकसुद्धा सर्व्हर बंद पडला नाही,’ तो म्हणाला. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो अभिमान त्याने कमावलेला आहे. पण मी गुंतले ते त्याने नंतर सांगितलेल्या गोष्टीत.

यूपीएसच्या पोटात एक मोजणी चालते. बाहेरच्या विजेचा दाब क्षणभर कोसळला की ते भार बॅटरीवर घेतं आणि दाब सावरला की परत देतं. दुसऱ्यांदा तसं झालं, तरी परत देतं. एका मिनिटात तिसऱ्यांदा झालं तर मात्र ते ठरवून टाकतं की बाहेरच्या विजेचं काही खरं नाही. मग भार जनरेटरवर जातो आणि तिथेच राहतो. बाहेर सगळं सुरळीत झालं तरी तो आपणहून परतत नाही. कुणीतरी माणसाने जाऊन, तपासून, हाताने परत आणायचा. किती झटके आणि किती वेळात, हे जिथे-तिथे वेगळं बसवलेलं असतं, पण रीत अशीच.

एका इमारतीपुरतं बघितलं तर हे शहाणपण आहे. अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात, जगात सर्वांत दाट वस्तीने डेटा सेंटर उभी आहेत. 10 जुलै 2024 ला तिथे 230 किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर बिघाड झाला. वाहिनीची संरक्षण यंत्रणा ठरल्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा जोडून बघत राहिली आणि 82 सेकंदांत दाब सहा वेळा कोसळला. साठेक डेटा सेंटरमधल्या यंत्रणांनी आपापली मोजणी पुरी केली आणि जवळजवळ 1,500 मेगावॅटचा भार एकदम जाळ्यावरून नाहीसा झाला. तिथल्या वीजकंपनीने कुणाची वीज तोडली नव्हती. ग्राहकच सगळे मिळून उठून गेले होते. मागणी अशी अचानक गळाली की दाब आणि वारंवारता दोन्ही वर चढतात. नियंत्रण कक्षातल्या लोकांना घाईघाईने दाब खाली आणावा लागला, आणि तो भार परत यायला कित्येक तास गेले, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जाऊन हाताने तो परत आणायचा होता.

मी हे वाचून गेले होते. त्याला सांगितलं तर तो पटकन म्हणाला, ‘ताई, हे आपल्या ऑटोस्विचसारखं झालं.’

शेती नसलेल्या वाचकांसाठी सांगते. विहिरीवरच्या मोटारीला लाईट आली की स्टार्टर हाताने दाबावा लागतो. रात्री दीडला लाईट येणार असेल तर दीडला उठून जावं लागतं. ते टाळायला शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच जोडतात, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरतं हेही शहाणपणच. पण फीडर चालू झाल्याबरोबर एकाच क्षणी शेकडो मोटारी उठतात, सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह खेचतात, आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं विनवत आलं आहे.

यानंतर आमचं बोलणं सर्व्हरवरून सुटलं ते त्याच्या वडिलांवर गेलं. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज मिळत आली ती पाळीने: आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे दिवस रात्री, एका वेळी आठ-दहा तास. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो. त्याचे वडील, त्यांना तो आण्णा म्हणतो, रात्रपाळीच्या आठवड्यात एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन पिकाला पाणी द्यायला, बारे द्यायला, जायचे. ते परत येईपर्यंत आई ओट्यावर बसून राहायची. ‘मी दहावीला असताना भारनियमन होतं, तेव्हा तर घरातलीही लाईट नसायची. अंधारात आण्णांची बॅटरी बांधावरून हलताना दिसायची. ती दिसत राहिली पाहिजे, एवढंच आम्ही बघायचो.’

सध्या वीजक्षेत्रात एक शब्द फार चालतो, ‘लवचिक मागणी’. गरज पडेल तेव्हा मागे सरकणारी, दुसऱ्या वेळी सरकवता येणारी मागणी. डेटा सेंटरच्या संदर्भात तो नवा शोध असल्यासारखा उच्चारला जातो. नवा तो नाहीच. महाराष्ट्राची मागणी वर्षानुवर्षं लवचिक राहिली, कारण शेतकरी रात्री उठत होता. वाकणारा कुणीतरी होताच. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि रात्री उठण्याची किंमतही दिली नव्हती.

आकडे मांडले की अंतर कळतं. पाच हॉर्सपॉवरची मोटार पावणेचार किलोवॅटची. तीस मेगावॅटचं एक डेटा सेंटर, जे आता मोठं मानलं जात नाही, अशा आठ हजार मोटारींएवढं. शिवाय मोटार आठ तास चालते, हे चोवीस तास.

असं कुणी का वाकायचं, हे समजून घ्यायला त्याच रस्त्यावर थोडं मागे जावं लागतं. ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्र आहे. राज्याची मागणी उन्हाळ्यात 30 हजार मेगावॅटच्या घरात जाते. या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच वीज याच क्षणी तयार व्हायला हवी, हा हिशेब तिथे रात्रंदिवस जुळवतात. तो जुळतोय का हे सांगणारा आकडा एकच, वारंवारता. 50 हर्ट्झ. देशात ती 49.90 ते 50.05 मध्ये राहावी असा दंडक आहे. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी 31 हजार मेगावॅटने घसरली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. वारंवारता 50.26 पर्यंत चढली आणि 49.70 पर्यंत उतरली, पण जाळं टिकलं. टिकलं ते जलविद्युत केंद्रांच्या जोरावर. पाण्याचा झोत मिनिटांत कमी करता येतो आणि मिनिटांत वाढवता येतो. कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही, आणि सौरऊर्जा तर सूर्य मावळायला लागला की नेमकी संध्याकाळच्या मागणीच्या तोंडावर निघून जाते.

मुंबईला मोठ्या भाराची सवय नवी नाही. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं ते प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून मुळशीत धरण आलं, आणि 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. गावं गेली ती गेलीच. एवढं सांगून मी इतिहास सोडते, पण भार मोठा झाला की त्याचं ओझं कुणाच्या तरी शेतात उतरतं हे इथे विसरू नये असं मला वाटतं.

आणि यावेळी तो भार स्वतः वाकू शकतो. माझ्या इंजिनिअरने हे कागदावर काढून दाखवलं. बँकेचा व्यवहार, यूपीआय, रुग्णालयाची नोंद, हे एक क्षणही थांबवता येत नाही. पण एआयचं प्रशिक्षण, व्हिडिओचं रूपांतर, रात्रीचे बॅकअप ही कामं दोन तासांनी झाली तर बिघडत नाही. थंडाव्याचंही तसंच. दुपारी, सौर वीज मुबलक असताना, टाक्यांत पाणी गार करून ठेवावं आणि संध्याकाळी चिलर मंद करावेत. अमेरिकेत फिनिक्सला 2025 मध्ये एआय चालवणाऱ्या 256 जीपीयू चिपांच्या संचावर हे करून बघितलं. मागणीच्या ऐन वेळी वापर तीन तास पाव हिश्शाने उतरवला आणि महत्त्वाची कामं अडली नाहीत. ड्यूक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याच वर्षी हिशेब मांडला की नव्या मोठ्या ग्राहकांनी आपल्या वर्षाच्या वापरातला 0.25 टक्का भाग सोडायची तयारी ठेवली, तर अमेरिकेच्या आहे त्याच व्यवस्थेत 76 गिगावॅटची भर मावेल. टेक्सासने तर कायदाच केला, 75 मेगावॅटच्या वरच्या नव्या ग्राहकांना आणीबाणीत भार उतरवावा लागेल.

आपल्याकडेही धडा आहे. 2006 मध्ये, भारनियमन ऐन भरात असताना, पुण्यातल्या उद्योगांनी टंचाईच्या तासांत आपले जनरेटर चालवले, वाचलेली वीज शहराला मिळाली, आणि डिझेलचा जादा खर्च वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने अधिभारातून भागवला गेला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते ओळखलं गेलं. वाकणाऱ्याला मोबदला मिळाला.

मग इथे अडतंय कुठे? हा प्रश्न मी रात्री अकराला विचारला आणि पाळी संपेपर्यंत उत्तर संपलं नाही.

पहिली अडचण घरमालक-भाडेकरूची. नवी मुंबईतल्या बहुतेक सेंटरमध्ये इमारत, वीज आणि थंडावा कंपनीचा, सर्व्हर मात्र भाडेकरूंचे. कोणत्या पेटीत एआय शिकतंय आणि कोणत्या पेटीत पगार जमा होताहेत, हे घरमालकाला माहीत नसतं आणि माहीत असायलाही नको. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच ठेवायला सांगितली. तेव्हापासून अशा न थांबणाऱ्या पेट्या इथे वाढल्याच आहेत. करारात एक मिनिट वीज गेली तर दंड किती हे लिहिलेलं असतं. वापर आपणहून कमी केला तर बक्षीस किती, हे कुठेच नसतं. 2024 पासून देशभर औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार दर बंधनकारक झाले, सौर तासांत स्वस्त, ऐन मागणीच्या वेळी निदान 20 टक्के महाग. पण वीजबिल जसंच्या तसं भाडेकरूकडे जात असेल, तर घरमालकाला हा फरक टोचत नाही.

दुसरी अडचण मला जास्त काळजीची वाटते. वाकायला सांगितलं तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जनरेटर. कागदावर भार उतरला, प्रत्यक्षात तो डिझेलवर गेला. 2006 साली पुण्यात ते तात्पुरतं होतं. महापे, रबाळे, ऐरोलीत या इमारतींना खेटून माणसं राहतात. शेतकऱ्याच्या रात्रीऐवजी रबाळ्याच्या पोराचं फुप्फुस दिलं, तर आपण काय मिळवलं? बॅटऱ्या हा मार्ग आहे, पण आहेत त्या पाच-दहा मिनिटांच्या. तीन तासांच्या हव्या असतील तर जागा आणि पैसा दोन्ही लागतो, आणि आगीची वेगळी तजवीजही.

तिसरी अडचण खुद्द एआयच्या स्वभावातली. प्रशिक्षण चालू असताना हजारो जीपीयू एकत्र हिशेब करतात, एकत्र थांबून एकमेकांशी बोलतात आणि पुन्हा एकत्र धावतात. भार सेकंदा-सेकंदाला वरखाली होतो. ‘आमच्याकडे अजून तेवढं नाही,’ तो म्हणाला, ‘पण पूर्वी एका रॅकला सहा-आठ किलोवॅट लागायचे, आता शंभराच्या वरचे रॅक येताहेत.’ आणि त्या तीन झटक्यांच्या मोजणीला तर हात लावायला कुणी तयार नाही. ती सैल केली आणि एखाद्या बँकेचा सर्व्हर पडला, तर जबाबदार कोण? इथली सगळी सेंटर पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री एकाच वेळी मोजणी पुरी करून बाहेर पडली, तर काय होईल हे ऐरोलीला आधी कळायला हवं. त्यासाठी प्रत्येकाने आपली मोजणी कशी बसवली आहे हे सांगायला हवं. मी त्याला विचारलं, असं कुणी विचारायला आलं होतं का? त्याने मान हलवली. त्याच्या पाळीत तरी नाही.

पहाटे साडेपाचला त्याने घरी फोन लावला. आण्णा जागेच होते. वाडीचा फीडर गेल्या वर्षी सौरवर गेलाय, आता लाईट दिवसा असते, पण जाग त्याच वेळी येते. मुलाशी दोन मिनिटं उसाबद्दल बोलले, मग माझ्याशी बोलले. मी त्यांना त्यांच्या मुलाच्या कपाटांबद्दल सांगत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ती मोटार कितीची?’

मी भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. वर जाळ्याची वारंवारता होती, 49.9 आणि 50 च्या मध्ये सारखी थरथरणारी. खाली इमारतीचा भार होता, आणि त्याची रेघ काल संध्याकाळी सहापासून आडवी, सरळ, एका उंचीवर चालत आली होती.

‘आठ हजार मोटारींएवढी,’ मी म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, ‘आणि पाळी कोणती?’