कोकणातील स्कूबा डायव्हिंग

कोकणातील स्कूबा डायव्हिंग म्हणजे पाठीवरील टाकीत दाबाने भरलेली हवा घेत कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रात पाण्याखाली केला जाणारा विहार होय. हा विहार मुख्यत्वे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवती या परिसरात चालतो. आशियातील सर्वोत्तम डायव्हिंग स्थळ कोणते, या नेहमीच्या वादात इंडोनेशियातील राजा आम्पात, मलेशियातील सिपादान, फिलिपाईन्समधील टुब्बाताहा, मालदीव आणि भारतातील अंदमान व लक्षद्वीप ही नावे पुढे येतात. कोकणाचे नाव क्वचितच निघते. याचे प्रमुख कारण पाण्याची पारदर्शकता हे आहे. मात्र केवळ या एका कसोटीवर स्थळांचा क्रम लावणे कितपत योग्य, हा त्या वादातील खरा प्रश्न आहे.

साधनाची पार्श्वभूमी

आजच्या स्कूबा साधनाचा पाया १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या ‘ॲक्वा-लंग’ने घातला. पाणबुड्याला हवी तेव्हा आणि भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देणारी झडप हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे वरून नळीने हवा पुरवण्याची गरज उरली नाही आणि हौशी लोकांना समुद्रतळ खुला झाला.

उत्तर कोकणातील गढूळ पाणी

ठाणे व पालघर जिल्ह्यांना समुद्र जवळ असूनही तेथे हौशी डायव्हिंग रुजलेले नाही. त्याचे कारण किनाऱ्यापेक्षा सह्याद्रीकडे शोधावे लागते. शहापूर तालुक्यातील तानसा नदी वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून वाहत पुढे वैतरणेच्या खाडीस मिळते. मुरबाडमधून येणारी काळू नदी उल्हासेत मिसळते आणि उल्हासेचे पाणी वसई व ठाण्याच्या खाड्यांत उतरते. पावसाळ्यात या नद्या घाटमाथ्याची माती खाडीमुखांपर्यंत आणतात. तानसेवर १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणात काही गाळ अडतो खरा; परंतु धरणाखालचे खोरे आणि इतर नद्यांचा गाळ समुद्रात जातच राहतो.

गाळ आला तरी तो कालांतराने तळाशी बसावयास हवा. उत्तर कोकणात तो बसू शकत नाही, कारण खंबातच्या आखाताकडे जावे तसतशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी ती सुमारे ५ मीटरपर्यंत पोहोचते, तर मालवण-गोव्याच्या बाजूस साधारण निम्मीच असते. दिवसातून दोनदा आत-बाहेर होणारे हे पाणी चिखल सतत ढवळत ठेवते. म्हणूनच तानसा-शहापूरच्या हौशी पाणबुड्याला घरापासून दीड-दोन तासांवर समुद्र असूनही सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेस जावे लागते. तानसा तलावाचे पाणी शांत असले, तरी तो मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे व भोवतालचे जंगल अभयारण्य आहे. त्यामुळे डायव्हिंगसाठी त्याचा विचार होऊ शकत नाही.

मालवण परिसर

मालवणचा किनारा खडकाळ आहे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ मध्ये उभारावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या आसपासचे खडक लाटांचा जोर अडवतात. या आडोशाला पोराइट्स, टर्बिनारिया यांसारखी प्रवाळे वाढतात. गढूळ पाणी व पावसाळ्यातील गोडे पाणी सहन करणाऱ्या जाती येथे टिकल्या आहेत, ही बाब अभ्यासकांच्या दृष्टीने पर्यटकांच्या छायाचित्रांपेक्षा अधिक मोलाची आहे. १९८७ मध्ये या भागातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो; पावसाळ्यात तो बंद राहतो. बहुतेक पर्यटक कोणतेही प्रमाणपत्र नसताना, प्रशिक्षकाच्या हाताला धरून, सहा-आठ मीटर खोलीपर्यंत काही मिनिटे उतरतात. पाणी निवळलेल्या दिवशीही नजर काही मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. पद्धतशीर शिक्षणासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड ॲक्वाटिक स्पोर्ट्स’ ही संस्था तारकर्ली येथे आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती खडकांजवळ समुद्रतळावर ठेवून तेथे पर्यटनस्थळ व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्पही महामंडळाने हाती घेतला आहे.

आंग्रिया बँक

पारदर्शकतेच्या कसोटीवर महाराष्ट्राच्या बाजूने मांडता येईल असे एकच ठिकाण आहे आणि ते किनाऱ्यावर नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले हे पठार कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. त्याची लांबी सुमारे ४० किलोमीटर आहे. नद्यांचा गाळ इतक्या दूर पोहोचत नसल्याने येथील पाणी स्वच्छ आहे आणि पठारावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

अडचण खोलीची आहे. पठाराचा माथाच पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर आहे. प्राथमिक प्रमाणपत्रधारकास साधारणतः १८ मीटरपर्यंतच उतरण्याची मुभा असते. त्यामुळे मालवणला पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याचे हे ठिकाण नव्हे. उघड्या समुद्रात मदत दूर असते, हेही लक्षात घ्यावे लागते. या दुर्गमतेमुळेच ते बरेचसे अबाधित राहिले.

अन्य स्थळांशी तुलना

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनी बनलेली कंकणद्वीपे असून त्यांवर एकही नदी नाही. माती वाहून आणणारे काहीच नसल्याने कडमत, बंगारम येथे २०-३० मीटरपर्यंत दिसू शकते. अंदमानातील स्वराज द्वीपाची ख्याती पाण्याखालच्या खडकाळ सुळक्यांसाठी आणि माशांच्या थव्यांसाठी आहे. कोकणाच्या दक्षिणेस गोव्यातील ग्रँड आयलंडजवळ बुडालेली जहाजे पाहावयास मिळतात, तर कर्नाटकातील मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट किनाऱ्यापासून दूर असल्याने तेथील पाणी मालवणपेक्षा सहसा स्वच्छ असते.

जैवविविधता हा निकष धरल्यास आग्नेय आशियाचे स्थान निर्विवाद आहे. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स यांना सामावणाऱ्या ‘प्रवाळ त्रिकोणा’त जगातील ज्ञात भित्तिनिर्मात्या प्रवाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती आढळतात. टुब्बाताहाचा समावेश १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. परंतु याच प्रदेशातील, सुलावेसीच्या उत्तर टोकाजवळची लेम्बेह सामुद्रधुनी काळ्या वाळूच्या, गाळाच्या तळासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पाणबुडे दूरचे पाहावयास जातच नाहीत. चिखलात दडलेले बोटभर लांबीचे विचित्र जीव शोधावयास जातात. पारदर्शकता हाच अंतिम निकष असता, तर लेम्बेहचे नावही कोणी घेतले नसते. मालवणचा गढूळ तळही या दृष्टीने पाहता येतो. आज तेथे तसे पाहणारे थोडे आहेत, इतकेच.

गर्दी आणि प्रवाळ

नावलौकिकाबरोबर गर्दी येते. सिपादान बेटावरील निवासस्थाने २००४ मध्ये हटवण्यात आली आणि तेथे दररोज मर्यादित पाणबुड्यांनाच परवाने दिले जातात. मालवणात होड्यांचे नांगर, नवख्यांचे पाय आणि मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची सवय यांचा उथळ प्रवाळांवर थेट परिणाम होतो. दूरची स्थळेही सुरक्षित नाहीत: समुद्राचे तापमान वाढल्याने लक्षद्वीपमधील प्रवाळांचे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले.

सुरक्षितता

उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, हा समज चुकीचा आहे. दर १० मीटर खोलीमागे दाब एका वातावरणाने वाढतो. आठ मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर जवळजवळ पावणेदोन पट होऊ पाहते. म्हणून वर येताना श्वास रोखून धरल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. श्वास सतत चालू ठेवणे हा पहिला नियम आहे.

दुसरी बाब परतीच्या प्रवासाची. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यापूर्वी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होण्याचा संभव असतो. विमानप्रवासापूर्वी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्यास १८ तास थांबण्याची शिफारस केली जाते. हा नियम बहुतेकांस ठाऊक असतो. घाटाचा मात्र विसर पडतो. डायव्हिंगमध्ये ३०० मीटरहून अधिक उंची विचारात घ्यावी लागते, आणि मालवणहून कोल्हापूर-बेळगावकडे निघालेली गाडी आंबोलीस काही तासांतच सुमारे ७०० मीटरवर पोहोचते. एकदाच थोडा वेळ उथळ पाण्यात उतरलेल्यास हा धोका अल्प असतो. दिवसभर वारंवार खोल उतरणाऱ्याने ती रात्र किनाऱ्यावरच काढलेली बरी.