चिपळूण ते परळ

पाच हजार मुलगे जन्मास आले तर त्यांतील सुमारे एकास हिमोफिलियाचा प्रमुख प्रकार जडतो. एवढ्या थोड्यांसाठी मोर्चे निघत नाहीत आणि निवडणुकीत त्यांची मते कोणी मोजीत नाही. रक्त गोठविणारा एक घटक, ज्याला रुग्णांच्या घरी ‘फॅक्टर’ म्हणतात, या मुलांच्या शरीरात पुरेसा नसतो. नुसत्या धावण्यानेही गुडघा आतल्या आत रक्ताने भरतो. फॅक्टर पहिल्या काही तासांत शिरेतून दिला तर सांधा वाचतो. वारंवार उशीर झाला तर ऐन तारुण्यात कुबड्या येतात. रोग जन्माचा खरा, पण पांगळेपण बहुधा उशिराचे असते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या चिपळूण तालुक्यातील घराला हा उशीर किलोमीटरांत मोजावा लागतो. रत्नागिरी सुमारे नव्वद, मुंबई अडीचशे. रक्तस्राव सुरू झाला रात्री, तर वाट पाहायची पहाटेच्या एस.टी.ची. परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याच्याच आवारातील रक्तरोगांची राष्ट्रीय संस्था ही या घरांची खरी ठिकाणे. कोकण्याला परळ परका नव्हता. गिरण्यांच्या काळात प्रत्येक वाडीतले कोणी ना कोणी तेथल्या खोलीत असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या, आणि आजारी मुलाला घेऊन उतरायचा तो आसराही आटला.

फॅक्टर घरीच ठेवावा, हा सल्ला शहाणपणाचा आहे. मात्र ते औषध थंडाव्यात राखावे लागते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले व वीज गेली, तेव्हा असल्या सल्ल्याचे मोल किती, हे निराळे सांगायला नको.

या सगळ्याचा भार वाहते ती आई. दोष तिच्याकडून मुलाकडे येतो, एवढेच अर्धवट ज्ञान गावात पोचलेले असते आणि सासर तिला बोल लावते. वस्तुतः सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाच नसतो. मुलाला उचलून नेण्यासाठी तिची मजुरी बुडते. त्या दिवसांची नोंद कोणत्याही कार्यालयात नाही.

जे काही मिळाले ते रुग्णांनी व पालकांनी खेटे घालून मिळविले. 1983 साली दिल्लीत अशोक बहादुर वर्मा या हिमोफिलियाग्रस्त गृहस्थांनी देशव्यापी महासंघाचा पाया घातला. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत हिमोफिलिया आला. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचे दार उघडते. सरकारी नोकरीतील चार टक्क्यांच्या आरक्षणात मात्र रक्तविकारांना स्थान नाही. शिकवायचे आणि उंबऱ्यावर थांबवायचे, असा हा न्याय!

त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांच्या काळजीवाहकाला भत्ता देण्याची तरतूद आहे. पण शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’! ही मर्यादा ठरवायची कोणी, हे त्या आईला कोण सांगणार? दुर्मीळ रोगांसाठी 2021 चे राष्ट्रीय धोरण आले व पुढच्या वर्षी मदतीची कमाल मर्यादा पन्नास लाख रुपये झाली. त्या धोरणाने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतही महाराष्ट्रातले नाव पुन्हा के.ई.एम.चेच.

मागणी मोठी नाही. कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी फॅक्टरच्या चार कुप्या बारा महिने असाव्यात आणि त्या शिरेतून देणारा माणूस रात्रीही सापडावा. शाळेने त्या मुलाचे नाव जाणून असावे; तो कवायतीला नको म्हणाला तर त्याला आळशी ठरवून उभे करू नये, गुडघा सुजलाच तर बर्फ लावून बसवावे, ॲस्पिरिन देऊ नये, आणि घरी निरोप धाडण्यासाठी शाळा सुटण्याची वाट पाहू नये.