न भरणारी जखम

कमरेला धोतर कसून नेसण्याची आपली रीत फार जुनी. ते वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिले म्हणजे तेथील कातडी काळवंडते, राठ होते, क्वचित चिघळतेही. यात विशेष ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली, एका सहकाऱ्यासह, नेमक्या अशाच जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. 'धोतराचा कर्करोग' हे त्याचे नाव वैद्यकात रूढ झाले. पुढे परकराच्या नाडीच्या जागीही तोच रोग आढळला. भाजल्याचे जुने व्रण आणि पायावरची न भरणारी क्षते ही त्याची आणखी ठिकाणे.

हा रोग त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा. साधे क्षत कोणते आणि कर्करोग कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीपूर्वक सांगता येत नाही. म्हणून जागा बधिर करून तेथला लहानसा तुकडा काढतात, फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी त्वचेत या पेशी आपली सीमा सोडीत नाहीत. येथे त्या सीमा ओलांडून खाली घुसलेल्या दिसतात. आणि केस व नखे ज्या केराटिनची बनतात, त्याची मोत्यांसारखी गोल वेटोळी मधूनमधून आढळतात. एवढे दिसले की निदान बहुधा तेथेच होते.

पेशींनी आपले मूळ रूपच टाकले असेल, तर मात्र खुणा शोधाव्या लागतात. प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशींतील ठराविक प्रथिने रंगवतात. पी-४० व केराटिन ५/६ सापडली तर बोट चपट्या पेशींकडे जाते. सॉक्स-१० सापडले तर रंगपेशींच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. एकट्या खुणेवर निकाल देत नाहीत. ती पेशींच्या रूपाशी ताडून पाहतात.

'तुकडा काढला की रोग पसरतो' ही समजूत घरोघर आहे. ती खरी नव्हे. रोग वाढतो तो दिरंगाईने. वेळीच सापडला तर शस्त्रक्रियेने तो बहुधा समूळ जातो. मुर्धा-भाईंदरच्या या मिठागरांच्या मुलखात पायाची जखम कोणाला नवी नाही. पण महिना-दीड महिना उलटूनही ती भरत नसेल, तिची कड उचलून येत असेल, तर नुसते मलम बदलीत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी सांगितले तर तुकडा तपासून घ्या.